माघारी पाऊल

वजनकाट्याची पिशवी घ्यायला सुकन्याने पाय उचलून पलीकडे टाकला, तशी बनुबाई ओरडली.

"आगं, पोराला वलांडलंस की!"

उसाच्या पाचटाची कोपी ती केवढी! मधोमध गोधडीवर गहिनीनाथ उताणा पडलेला, एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला पाण्याच्या बादल्या, आणि पिशवी नेमकी त्याच्या पलीकडे. माणसाने जायचं कुठून, उडून?

"माघारी वलांड. जशी गेलीस तशी ये. वाढ खुंटती लेकराची."

"आजी, असं काही नसतं."

"नसंना का. तू ये."

सुकन्या आली नाही. चुलीच्या बाजूने, भिंतीला अंग घासत, वळसा घालून आली. पायाला राख लागली ती वेगळीच. पहाटे नगरहून एसटीने निघून ती कोपरगावला उतरली होती. मग रिक्षा करून तिने ऊसतोड्यांचे तीन तळ पालथे घातले होते. खर्डा गावची टोळी म्हटलं की जो तो पुढच्या तळाकडे बोट दाखवत होता. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा मेंदू आणि शरीर पुढे कसं वाढतं, याचा अभ्यास नगरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात चालला होता. बाळं शोधून मोजायची, हे सुकन्याचं काम. बाळं एका जागी राहणार नाहीत, हे अभ्यास आखणाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गहिनीनाथची आई, रेश्मा, फडातून बोलावल्यामुळे दारातच टेकली होती. हातातला कोयताही तिने खाली ठेवला नव्हता.

"वय सात महिने," टॅब्लेटवर भरत सुकन्या म्हणाली.

"सात?" बनुबाई पुढे सरकली. "वैशाखातला हाय माजा नातू. नऊ भरलं त्याला."

"दोन महिने आधी झाला ना तो, आजी? ते वजा करायचे असतात."

"म्हंजी दोन म्हैन्यांचा खाडा धरला लेकराचा! तुमचा मुकादम बी आमच्या मुकादमावानीच हाय की."

रेश्मा खुदकन हसली. सुकन्याला हसू आलं नाही. साडेपाचची गाडी चुकली तर रात्री कोपरगावात काय करायचं, हा हिशेब डोक्यात चालू होता. तिने बाळाला काट्यावर ठेवलं, मग मोजपट्टीच्या फळीवर निजवून लांबी घेतली. गहिनीनाथने कुरकूर केली नाही. शेवटी तिने त्याच्या डोक्याभोवती टेप गुंडाळली.

अडतीस पूर्णांक सहा सेंटिमीटर.

टॅब्लेटवर लाल रेघ आली. मागील नोंदीइतकेच. पुन्हा तपासा.

"हे एक यंत्र!" ती पुटपुटली आणि तिने पुन्हा मोजलं. तेवढंच. टेप रुमालाने पुसली, भुवयांच्या वर नीट बसवली, तिसऱ्यांदा मोजलं. मग तीच टेप स्वतःच्या मनगटाभोवती धरली. रोज सकाळी निघताना ती असंच करून बघायची. मनगट रोजच्याइतकंच भरलं. टेपमध्ये काही दोष नव्हता.

"काय झालं?" रेश्माने विचारलं.

"काही नाही."

"काई न्हाई कसं?" बनुबाई म्हणाली. "तोंड बगा तिचं. म्या म्हनलं न्हवतं? वलांडलं, आन् खुंटलं पोरगं."

दिवसभराचा सगळा वैताग सुकन्याच्या तोंडाशी आला.

"दहा मिनिटांत खुंटतं का, आजी? तीन महिने झाले त्याचं डोकं वाढलेलं नाहीये!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. असलं काही आईबापांना डॉक्टरांनीच सांगायचं, समोर बसवून, सावकाश सांगायचं, असं प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं.

रेश्माने कोयता खाली ठेवला.

"तीन म्हैने?"

मधे डिसेंबरातही एक भेट ठरलेली होती. सुकन्याने फोन केले होते, दोन. लागले नाहीत. मग ऑफिसातल्या खुर्चीत बसूनच तिने 'कुटुंब स्थलांतरित' या चौकटीत खूण केली होती. एक फेरी वाचली म्हणून तेव्हा तिला बरंसुद्धा वाटलं होतं. हे आठवलं आणि तिला रेश्माकडे बघवेना.

बाहेर जाऊन तिने अभ्यासाच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला, आत येऊन चिठ्ठी लिहिली.

"उद्याच नगरला आणा. डोक्याचे फोटो काढतील, बालमेंदूचे डॉक्टर तपासतील. मी दवाखान्याच्या दारात उभी असते."

"मुकादम सोडंल का?" रेश्मा म्हणाली.

"न सोडून जातोय कुटं?" बनुबाईने चिठ्ठी घडी करून कनवटीला खोचली. "पैल्या गाडीनं येतो आमी." मग जरा थांबून म्हणाली, "तितं गेल्याव वाढंल ना?"

सुकन्याने पिशवीची चेन लावली. ती अडकली, तिने ओढून लावली.

"तपासल्यावर कळेल, आजी."

बनुबाई गहिनीनाथखालची गोधडी सारखी करू लागली. माघारी ओलांडायचं मात्र ती पुन्हा म्हणाली नाही.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सुकन्या बसली. उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग ओलांडून रिक्षा डांबरीला लागली, आणि ती म्हणाली, "थांबवा."

"आता काय राह्यलं, मॅडम? गाडी जाईल तुमची."

"जाऊ दे."

कोपीत सगळं होतं तसंच होतं. रेश्मा दारात, गहिनीनाथ गोधडीवर. बनुबाई उठून उभी राहिली. सुकन्याने चपला बाहेर काढल्या. चुलीच्या बाजूने, राखेतूनच, ती पलीकडे गेली आणि मघाशी जिथे पिशवी होती तिथे उभी राहिली. ओढणी कमरेला खोचली. पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. गहिनीनाथ त्या पायाकडे बघत होता.

तिने पाय परत मागे घेतला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मघाशी मी आधी कुठला पाय टाकला होता? उजवा की डावा?"