तहानलेल्या गाईंचं फाटक

मेलबर्नच्या कडेची शेवटची घरं मागे पडली तसा गार्थनं सायकलचा वेग वाढवला, आणि आज तो आपल्याला रडवणार हे मेरिलनं ओळखलं. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेली ही वाट आधी लोकांच्या परसामागून जाते, वाळत घातलेले कपडे आणि भुंकणारी कुत्री बघत बघत, आणि मग एकदम उघड्या माळावर येते. वाटेच्या टोकाला टॅरविल. तिथे मेरिलची बहीण लिओनी राहते.

"दोघंच जाऊ, नव्यानं सुरुवात करू," असं गार्थ, तिचा नवरा, म्हणाला होता. मारून झालं की तो दर वेळी असंच गोड बोलतो. मेरिल लगेच तयार झाली, कारण तिला टॅरविलहून परत यायचं नव्हतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. लिओनीलाही तिनं कारण सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि माराइतकीच तिला या गप्प बसण्याची लाज वाटायची.

फेब्रुवारीचं, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याचं, ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुरं वाट ओलांडतात ती जागा आली. सायकलवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर फाटकं, एकीकडे चराऊ रान, दुसरीकडे पाण्याचा हौद. दोन्ही फाटकं सताड उघडी होती. मधल्या मातीत शेणाचा सडा पडला होता, आणि गार्थचं नवंकोरं चाक नेमकं त्यात गेलं.

"लोकांना काही अक्कल?" तो खाली उतरला, रानाकडचं फाटक धाडकन लावलं आणि साखळी अडकवली.

"अरे, नको ना लावूस," मेरिल म्हणाली. ती गोठ्यात वाढलेली पोर होती. "फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं असतं. उघडं असेल तर उघडंच. गाईंना पाण्यावर कसं जाता येणार?"

"मला शिकवतेस? हात लावून तर बघ."

तिनं हात लावला नाही. जवळच्या निलगिरीखाली दोघं जेवले. गार्थनं बिअरचे दोन डबे रिचवले आणि टोपी तोंडावर घेऊन पसरला. मेरिल बसून राहिली. रानातून गाई एकेक करून आल्या, बंद फाटकापाशी अडल्या आणि हंबरू लागल्या. पाण्याचा वास त्यांना येत होता. मागच्या पुढच्यांना रेटत होत्या, लोखंड करकरत होतं. दुपार कलली तरी ऊन हटेना. एक तांबडी गाय जीभ बाहेर काढून उभी होती. तिच्याकडे मेरिलला बघवेना, म्हणून ती हळूच उठून साखळीकडे गेली.

मागून आलेला तडाखा तिला दिसलाच नाही. दात ओठात घुसला आणि तोंड रक्तानं भरलं.

"काय सांगितलं होतं तुला?" गार्थ म्हणाला.

तेवढ्यात चार चाकांची मोटारसायकल धडधडत आली. तिच्यावर अँब्रोज, त्या रानाचा मालक, सत्तरी उलटलेला, हाडाचा सापळा.

"कोण रे तो मुडदा, फाटक लावणारा?" तो लांबूनच ओरडला. "मारायच्यात का माझ्या गाई? हट, बाजूला हो!"

"थेरड्या, तोंड सांभाळ."

"तू हात सांभाळ. बाईला मारतोस होय? लाज कुठे विकून खाल्लीस?"

गार्थनं त्याला गाडीवरून ओढलं. पहिला गुद्दा नाकावर बसला, दुसरा बरगड्यांत. म्हातारा गाडीच्या आडोशाला कोसळला, तरी गार्थ लाथा घालतच होता. मेरिलनं यातला एकेक आवाज स्वतःच्या अंगातून ऐकलेला होता. बाहेरून ती तो पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तिचा संताप अनावर झाला. हा म्हातारा इथे मरणार आणि संध्याकाळी टॅरविलला पोचून गार्थ बिअर मागणार.

ती फाटकापाशी गेली. साखळी कुरकुरली तशी गार्थनं मान वळवली.

"सोड ती! जीव घेईन तुझा!"

तो धावत आला, थेट फाटकाच्या तोंडाशी. मेरिलनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग साखळी काढली आणि पुढे झेपावणाऱ्या फाटकामागे अंग चोरून उभी राहिली.

गाई काही त्याच्यावर धावून गेल्या नाहीत. त्यांना पाणी हवं होतं आणि मध्ये एक माणूस होता, एवढंच. तांबडीनं त्याला छातीवर घेतलं. तो पडला आणि बाकीचा कळप त्याच्यावरून गेला. हाड मोडल्याचा आवाज खुरांच्या आवाजातही ऐकू आला. गार्थ बाईसारखा किंचाळला, असं कोणी म्हणेल. मेरिल कधीच तशी किंचाळली नव्हती, शेजारी ऐकतील म्हणून.

रुग्णवाहिका मेरिलनंच बोलावली. त्याआधी तिनं अँब्रोजचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या नाकाचं रक्त पुसलं.

"पोरी," तो पुटपुटला, "मीच उघडलं म्हणून सांगतो. रान माझं, गाई माझ्या. मला कोण काय करतंय?"

थोड्या वेळानं रुग्णवाहिका आली.

गार्थला स्ट्रेचरवर बांधलं. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. रुग्णवाहिकेतल्या बाईनं मेरिलचा ओठ पाहिला. "तुम्हालाही गाईनंच पाडलं का हो?"

गार्थचे डोळे मेरिलवर खिळले. ही नजर तिच्या ओळखीची होती. ती नजर दिसली की आजवर मेरिल हो म्हणत आली होती.

"नाही," मेरिल म्हणाली. "हे ह्यानं केलंय. तो मला मारतो. लग्न झाल्यापासून मारतो."

"अगं बाई," ती बाई हळूच म्हणाली, आणि तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"आणि फाटक ह्या काकांनी नाही, मी उघडलं. हा समोर होता ते मला दिसत होतं."