कुटुंबापुरत्या कोंबड्या

"मला त्या माणसांबद्दल काहीच म्हणायचं नाही हो," ड्वेन केसलर गावसमितीच्या सुनावणीत माइकसमोर उभा राहून म्हणाला. "माझी तक्रार आहे ती कोंबड्यांबद्दल."

खोटारडा मेला! मागच्या रांगेत बसलेल्या आर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओहायोतल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की ड्वेनला शेजारच्या घरातले सहा गतिमंद पुरुष डोळ्यांसमोर नको होते. पण त्यांना हुसकावणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून याने त्यांच्या परसातल्या कोंबड्यांचं निमित्त धरलं. कोंबड्या त्या सहांतल्या वेन्डेलच्या. पन्नाशीचा हा माणूस पूर्वी दुपारपर्यंत पांघरुणातून बाहेर यायचा नाही. घर एका संस्थेचं, आर्लीन तिथली काळजीवाहक. हाका मारून मारून तिचा घसा बसायचा. कोंबड्या आल्या आणि तो उजाडायच्या आत उठायला लागला. त्या गेल्या तर तो पुन्हा झोपणार, हे ती जाणून होती.

"नियम काय सांगतो? कोंबड्या कुटुंबानेच पाळायच्या. हे कसलं कुटुंब? कोण कुणाचा लागतो तिथे?"

"एका टेबलावर जेवतात ते!" आर्लीन जागेवरूनच ओरडली. "तुझ्या घरात तरी जेवता का रे एकत्र?"

लोक फिदीफिदी हसले. ड्वेनचे कान लाल झाले.

"बाई, तुमची पाळी आली की बोला," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

पाळी आली तेव्हा ती बोललीच. वेन्डेलला ताप भरला तेव्हा बाकीचे पाच जण त्याच्या दारापाशी कसे बसून राहिले, तेही तिने सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"रक्ताचं नातं हवंच असं काही नाही. एकमेकांना आपलं मानत असतील तर आम्ही कुटुंब धरू. पण त्यांच्याच तोंडून ऐकू दे. वेन्डेल, घरातली ही माणसं तुमचं कुटुंब आहेत का?"

वेन्डेल उठला. याचं उत्तर त्याला येत होतं.

"नाही," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "ते माझ्या घरात राहतात. कुटुंब म्हणजे आई. ती वारली."

"आणि आर्लीन?"

"आर्लीन कामाला येते. तिला आई म्हणायचं नाही."

हा धडा आर्लीनचाच. संस्थेचा दंडक होता: माणसं बदलतात, कुणाला जीव लावू द्यायचा नाही. सुरुवातीला तो तिला आई म्हणायचा. तिने दर वेळी टोकून टोकून ते मोडलं होतं, आणि पाठ झाल्यावर शाबासकीही दिली होती.

समितीचे हात वर झाले. महिनाअखेर कोंबड्या हलवायच्या, असं ठरलं.

"मनाला लावून घेऊ नका," ड्वेन दाराशी म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

"तोंड काळं कर माझ्यासमोरून!"

गाडीत वेन्डेल खुशीत होता. त्याने स्वतःच पट्टा लावला.

"मी काही विसरलो नाही ना, आर्लीन?"

"नाही रे. अगदी बरोबर सांगितलंस."

"मग आता कोंबड्या ठेवायच्या ना?"