शाळेपुरता दाखला

पेजेच्या टोपावरचं झाकण खडखडलं आणि कमलाक्षी भाषणातलं तिसरं वाक्य विसरली. रविवारची सकाळ, यंदा शाळेत नाव घातलेली पाच वर्षांची लेक अजून झोपेत, आणि ही हातात पेज ढवळायची डवली घेऊन चुलीपुढे पाठांतर करत उभी.

“पेजेक भाषण देतंस काय गो?” सासू, रुक्मिणी, दारातून हसली. “बी. ए. तू होतलंस की ती?”

कमलाक्षी पेडण्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. लग्नात सुटलेलं शिक्षण सासूनेच पुन्हा धरायला लावलेलं. कॉलेजच्या पाहणीसाठी ती सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळमाळावरच्या, चिरेखाणीवर गेली, तर शाळेचं तोंड न पाहिलेली अकरा मुलं निघाली. पाहणीला गुण चांगले पडले. मुलं मात्र खाणीवरच राहिली. त्यांतली सात वर्षांची चंद्रावती चिऱ्यावर कोळशाने अक्षरं काढायची, दुकानांच्या पाट्या बघून शिकलेली.

तिचा बाप शिवदास दोडामार्गाहून खाणीवर चिरे काढायला आलेला. शाळेतले मास्तर म्हणाले, नाव घालतो, पंचायतीचा रहिवासी दाखला आणा. पंचायत म्हणाली, घरमालकाची चिठ्ठी आणा. आणि खाणकामगारांच्या भाड्याच्या खोल्यांचा मालक यशवंत दुकानदार काही चिठ्ठी देईना. कागदावर नाव चढलं की हे लोक उद्या मुंडकार, म्हणजे कायद्याने न हलवता येणारी कुळं, म्हणून खोल्यांवर हक्क सांगतील, ही त्याची धास्ती. शाळा आठ दिवसांवर आलेली. आजच्या ग्रामसभेत चिठ्ठीशिवाय दाखला द्यायचा ठराव झाला तर झाला. पुढची सभा तीन महिन्यांनी, म्हणजे मुलांचं वर्ष गेलंच.

लेकीला घेऊन सासू-सून पंचायतीत पोचल्या. पाळी आल्यावर कमलाक्षी उभी राहिली, पदर सारखा केला. तेवढ्यात सचिवाने चष्म्यावरून पाहिलं.

“बाये, तुझा नाव यादीत दिसना.”

नव्हतंच. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मतदार यादीत तिचं नाव माहेरी, चोपडे गावातच. गावभर दुसऱ्यांच्या कागदांसाठी फिरली आणि स्वतःचाच बदलायचा राहिला.

“आधी हंयची हो, मगे बोल!” मागून कोणीतरी म्हणालं. सभा खिदळली. कमलाक्षीचे कान तापले. ती मटकन खाली बसली. अकरा मुलांचं वर्ष आपल्या गाढवपणापायी गेलं, एवढंच तिला कळत होतं.

शेजारची खुर्ची करकरली. पंचवीस वर्षं ग्रामसभेत फक्त चहा प्यायला येणारी रुक्मिणी उभी राहिली होती.

“माझा नाव आसा मा यादीत? मगे मी बोलतंय. सुने, तू हळू सांग.”

“शिक्षण हा प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क असून...” कमलाक्षी कुजबुजली.

“ती म्हणता, पोरां शाळेत जावंक व्हयी!”

“समाजातील विषमतेची दरी...”

“दरी-बिरी ऱ्हवांदे गो. यशवंता, तुझ्या घराक चिरे कोणी काढले?”

“शिवदासान.”

“आणि माझ्या?”

“त्येणांच,” यशवंत पुटपुटला.

“गावाक घरां देतलो तो, आणि त्येच्या चेडवाक शाळा नाय? तुका भीती खोलयेची मा? मगे ठरावात लिवा, दाखलो शाळेपुरतो, खोलयेचो नाय. मिटला!”

कमलाक्षी बघतच राहिली. इतके दिवस कागद धुंडाळून तिला हे एक वाक्य सुचलं नव्हतं. सचिवाचं पेन चालू लागलं.

“अनुमोदक कोण?” सरपंच बाबुरावांनी विचारलं. सगळ्या माना यशवंतकडे वळल्या.

“माका कित्याक बघतास?” त्याने डोकं खाजवलं. “बरा, लिवा माझा नाव. नायतर ही रोज दुकानात येवन भाषण देतली.”

हशा पिकला आणि हशातच हात वर झाले. सचिवाला मोजावे लागले नाहीत.

तशाच त्या सड्यावर गेल्या. शिवदासने बातमी ऐकून हातातला टिकाव खाली ठेवला आणि चंद्रावतीला हाक मारली. तिने लगेच विचारलं, उद्यापासून येऊ काय? रुक्मिणीने तिला आठ दिवस बोटांवर मोजून दाखवले.

उतरणीला लेकीने कमलाक्षीचं बोट ओढलं.

“आई, चंद्रावतीक शाळेत घालूक सगळ्या गावान हात वर केलो?”

“होय गो, सगळ्या गावान.”

लेकीने वाटेतला एक खडा पायाने उडवला.

“मगे माका घातलंस तेव्हा कोणी हात वर केलो?”