पाच नंबरच्या सतरंजीचे आठ रविवार

या मित्रांनो, बसा. माझ्यावर बसलात तरी चालेल, त्यासाठीच तर माझा जन्म आहे. मी एक जुनी सतरंजी आहे. खरे सांगायचे तर अख्खी सतरंजीसुद्धा नाही, एका भल्यामोठ्या सतरंजीचा आठवा हिस्सा. माझ्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाने पाचाचा आकडा काढला आहे, म्हणून सगळे मला पाच नंबर म्हणतात. नाव काही फार गोड नाही. पण दोन नंबरचा कोपरा एका पिल्लाने आकड्यासकट खाऊन टाकला, तेव्हा तिला तर आता नावच उरले नाही. त्या मानाने माझे बरे चालले आहे.

एका विणकराने मला हातमागावर विणले. निळा पट्टा, करडा पट्टा, पुन्हा निळा. त्याचा हात इतका घट्ट होता की माझ्यावर काही सांडले तर ते खाली झिरपायला बराच वेळ लागतो, आणि मित्रांनो, कुत्र्यांच्या वर्गात हा गुण फार उपयोगी पडतो. पहिली वीस वर्षे मी एका शाळेच्या सभागृहात अंथरलेली होते. तेव्हा माझे तुकडे झाले नव्हते. किती भाषणे ऐकली म्हणून सांगू! भाषण लांबले की मुले माझे दोरे ओढत बसायची. मग शाळेत खुर्च्या आल्या आणि माझी गुंडाळी जिन्याखाली गेली. सात वर्षे तिथे पडून होते. झुरळांच्या एका कुटुंबाशिवाय कुणी विचारपूस केली नाही. फार वाईट वाटायचे. वापरून वापरून फाटणे मला मान्य आहे, पण न वापरता कुजायचे म्हणजे काय?

मला बाहेर काढले ते शाळेतल्या कवायतीच्या बाईंनी. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला काय हवे असे त्यांना विचारले गेले. बाई म्हणाल्या, "जिन्याखालची सतरंजी द्या." लोकांना वाटले, बाई विनयाने बोलत आहेत. बाईंना विनय ठाऊक नव्हता. त्यांना खरोखरच सतरंजी हवी होती. घरी नेऊन त्यांनी माझे आठ तुकडे केले आणि प्रत्येकावर आकडा काढला. मग बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी कुत्र्यांचा वर्ग सुरू केला. आठ कुत्री, आठ सतरंज्या, आठ रविवार.

वर्गात लहानमोठे असा भेद नव्हता. दाताच्या डॉक्टरांचे चार महिन्यांचे पिल्लू होते. वर सांगितलेला कोपरा खाणारे महाशय ते हेच. रिक्षा चालवणाऱ्या मावशींची तीन पायांची कुत्री होती, आणि चार पायांच्या सगळ्यांना ती मागे टाकायची. चौदा वर्षांचा एक म्हातारा होता, त्याचे नाव वादळ. हे वादळ सतरंजीवर आले की झोपून जायचे. त्यामुळे "थांब" या धड्यात त्याला पहिल्याच दिवशी शाबासकी मिळाली. बाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "इथे पहिला-दुसरा नंबर नाही. ज्याला जेवढं झेपेल तेवढं. मी तीस वर्षं मुलं सांभाळली आहेत. ही कुत्री निदान बूट घरी राहिले असं तरी सांगत नाहीत!"

माझ्या वाट्याला आला बॉबिन. तपकिरी, नऊ वर्षांचा, पोटाशी गुबगुबीत, कानाने जरा मंद. त्याचे मालक शिंपीकाका. कुत्र्याला बॉबिन हे नाव शिंप्याशिवाय दुसरे कोण ठेवणार? शिवणयंत्रात सुईच्या खाली ज्या छोट्या रिळावर दोरा असतो ते बॉबिन. हाही काकांच्या पायमशीनखाली दिवसभर बसून असायचा, म्हणून तेच नाव पडले.

पण काका वर्गाला हौसेने आले नव्हते. त्यांच्या दुकानात एक भानगड झाली होती. गिऱ्हाईक आले, काका माप घ्यायला उठले, की बॉबिन मशीनखालून बाहेर यायचा आणि गिऱ्हाइकाच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून प्रेमाने बघायचा. काही जण हसायचे, काही ओरडायचे. एका नर्सबाईंचा नवाकोरा पांढरा गणवेश असा रंगला की त्या पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत. त्यांच्या मागून आणखी चार गिऱ्हाइके गेली. तेव्हा काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, निर्धाराने म्हणाल्या, "आठ रविवार. बाईंनी चिठ्ठी दिली की हा दोन मिनिटं जागेवर थांबतो, तर राहील. नाहीतर माझ्या भावाच्या बागेवर जाईल. तिथे धावू दे हवं तेवढं."

वर्गाला येताना काका माझ्या पिशवीचे बंद ज्या तऱ्हेने आवळून धरत, त्यावरून मला सगळे कळायचे. त्यांना बॉबिनशिवाय मशीनवर बसण्याची कल्पनाच सोसवत नव्हती.

"थांब" चा धडा असा होता. कुत्र्याला सतरंजीवर बसवायचे, तळहात दाखवायचा, दहा पावले लांब जायचे आणि तिथे दोन मिनिटे खांबासारखे उभे राहायचे. बाईंचा कटाक्ष होता. "मालकाने चुळबुळ करायची नाही! तुम्ही हललात की तो हलणार!" आणि दर रविवारी एकच प्रकार. काका दहा पावले जाईपर्यंत बॉबिन माझ्यावर दगडासारखा बसलेला. काका वळले, ताठ उभे राहिले, की हा उठला, अंग झाडले आणि चालला जवळच्या माणसाला भेटायला. तो जवळचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा दाताचे डॉक्टर असायचे. बिचारे चांगले कपडे घालून यायचे बंदच झाले.

"घरी बसतो हो!" काका काकुळतीला येऊन सांगायचे.

"काका, घरी सगळेच बसतात," रिक्षावाल्या मावशी म्हणायच्या, आणि हॉलभर हशा पिकायचा. तो या वर्गातला ठरलेला विनोद होता.

पण मित्रांनो, काका खोटे बोलत नव्हते. बाईंच्या नियमाप्रमाणे सतरंजी आठवडाभर घरी सरावाला न्यायची असे. त्यामुळे मी काकांच्या घरापुढच्या दुकानात मशीनखाली असायचे आणि सगळे माझ्या अंगावरच घडायचे. काका मशीनवर बसत, बॉबिनला "थांब" म्हणत आणि शिवायला लागत. पायडल खालीवर होई, जमीन बारीक थरथरे, ती थरथर माझ्यातून बॉबिनच्या पोटात जाई, आणि तो हनुवटी टेकून अर्धा अर्धा तास पडून राही. पायडल थांबले की त्याची कोपरे उचलली जात. त्याच्या लेखी काम संपलेले असे. आता उठायचे, कोण आले आहे बघायचे. नऊ वर्षे त्याने हेच शिकले होते. त्याला "थांब" हा शब्द कुणी शिकवलाच नव्हता, पायडलने शिकवले होते. आणि हॉलची जमीन लाकडी फळ्यांची. काका चालत तोवर फळ्या वाजत. काका बाईंच्या आज्ञेने खांब झाले, की याला वाटे, झाले काम!

तिसऱ्याच रविवारी माझ्या हे लक्षात आले. पण सतरंजीला तोंड कुठे असते? काका बॉबिनला रागावत, बॉबिन गोंधळून माझ्यावर नाक घासे आणि मी दोघांच्या मध्ये नुसती पडून असे. माझा जीव तुटायचा. सहाव्या आठवड्यात काकूंनी माझ्या उसवलेल्या कडा बघितल्या. "अगं बाई, काय दशा झाली हिची!" म्हणत त्यांनी तांबड्या पट्टीने मला चारी बाजूंनी शिवून दिले. मला इतके नटवले कुणी नव्हते. पण टाके घालता घालता त्या बॉबिनच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तो हात बराच वेळ तिथेच राहिला. त्यांना तरी त्याला पाठवायची कुठे हौस होती?

आठवा रविवार उजाडला. एरवी रविवारी काकू दुकान सांभाळत, त्यामुळे त्यांनी हॉल कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून त्या आल्या. फाटकाशी त्यांच्या भावाचा टेम्पो उभा होता. त्यात बॉबिनचे भांडे आणि गोधडी आधीच चढली होती. काकूंचे डोळे लाल होते.

"कांदा चिरत होते," त्या कुणीही न विचारता म्हणाल्या. सकाळचे सात वाजले होते.

परीक्षा सुरू झाली. पिल्लू एक मिनिट थांबले, बाईंनी त्याला तेवढ्याची चिठ्ठी दिली. तीन पायांची कुत्री तीन मिनिटे थांबली. वादळला उठवावे लागले. मग बाईंनी हाक दिली, "पाच नंबर!"

काकांनी तळहात दाखवला. ते दहा पावले चालले, वळले, श्वास रोखून उभे राहिले. बॉबिन उठला. अंग झाडले. शेपूट हलवत गेला आणि डॉक्टरांच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला.

या वेळी कुणी हसले नाही. काका मान खाली घालून परत आले. फाटकात भावाने टेम्पोचे मागचे दार उघडले.

"प्रत्येकाला दोन संधी आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा करा."

बॉबिन माझ्यावर येऊन बसला. काका पुन्हा चालू लागले. काकू भिंतीशी उभ्या राहून एकटक काकांच्या पायांकडे बघत होत्या. काका वळले, ताठ झाले, बॉबिनची कोपरे माझ्यावरून उचलली जाणार, इतक्यात त्या मोठ्याने ओरडल्या.

"अहो! पाय मारा!"

"आँ?"

"पाय हो, पाय! मशीनवर मारता तसा मारा!"

"मालकाने हलायचं नाही, असा नियम आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, थांबायचंय कुत्र्याला ना? मग माणसाला हलू द्या की!"

बाईंच्या आयुष्यात त्यांना असे उलट बोलणारे फार थोडे भेटले असावेत. त्यांनी हातातले घड्याळ वर धरले. काकांनी गोंधळून टाच टेकली, चवडा टेकला, पुन्हा टाच. फळ्या वाजू लागल्या. थरथर लांबून माझ्यापर्यंत आली, अगदी बारीक, पण आली. आणि मित्रांनो, बॉबिनची कोपरे माझ्यावर पुन्हा टेकली. मग छाती टेकली, मग हनुवटी. त्याने एक लांब श्वास सोडला. दाताच्या डॉक्टरांचे पिल्लू सुटून त्याच्या पाठीवरून धावत गेले. बॉबिनने एक डोळा उघडून मिटला. बाईंच्या हातातल्या घड्याळाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

"दोन मिनिटं!" बाई म्हणाल्या. "झालं काका. काका, थांबा आता!"

काकांनी पाय थांबवला, आणि त्याच क्षणी बॉबिन उठून उभा राहिला. आता सगळे पोट धरून हसले. रिक्षावाल्या मावशींनी तर शिट्टीच मारली.

"तुम्हाला हे कळलं कसं?" बाईंनी काकूंना विचारले. "मला आठ रविवारांत नाही कळलं."

"मला नाही कळणार तर कुणाला?" काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "एकतीस वर्षं त्याच जमिनीवर बसून तुरपाई करतेय मी. मशीन थांबलं की मीसुद्धा उठते. चहा टाकते. कुणाला सांगावं लागत नाही. हल्ली तर कळतही नाही, मी कधी उठले ते."

"मला वाटायचं, तुलाच त्या वेळी चहा लागतो," काका म्हणाले. "म्हणून तर मीही घ्यायचो."

"मला? मला चहा आवडतच नाही!"

पुन्हा हशा झाला, पण काका हसले नाहीत. ते काकूंकडे बघत राहिले, जणू त्यांची कुणीतरी आजच ओळख करून दिली होती. मलाही ओशाळल्यासारखे झाले. बॉबिनचे मला तिसऱ्याच आठवड्यात कळले होते. काकू तर माझ्या शेजारी बसायच्या. त्यांचे कळले नव्हते.

बाईंनी चिठ्ठी दिली. मी परत जमा व्हायला हवे होते, पण बाई म्हणाल्या, "पाच नंबर त्याच्याकडेच राहू द्या." भावाचा टेम्पो भांडे आणि गोधडी घेऊन दुकानावर गेला, आणि आलाच आहेस तर पँटचे माप तरी दे, असे काकूंनी भावाला बजावले.

दुकानात काका मशीनवरून टेप घेऊन उठले. पायडल थांबले. माझ्यावर बॉबिन चुळबुळला. तेवढ्यात काकू जमिनीवरून उठल्या आणि चहाकडे न जाता मशीनवर जाऊन बसल्या. त्यांनी पायडल मारले. थरथर सुरू झाली. बॉबिनने हनुवटी टेकली, आणि भावाचे माप कमरेपासून घोट्यापर्यंत निर्धास्त घेऊन झाले. काकूंनी तेवढ्यात एक शिवणही घातली. ती वाकडी आली. काकांनी ती बघितली आणि शहाणपणाने टेप गुंडाळून ठेवली.

तेव्हापासून दुकानात हाच रिवाज आहे. गेलेली गिऱ्हाइके हळूहळू परत येत आहेत. परवा नर्सबाईही आल्या, पांढऱ्या कपड्यांत.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घेणे सोपे आहे. अधूनमधून झटका, ऊन दाखवा, कड उसवली तर वेळेवर टाका घाला. जिन्याखाली तेवढे टाकू नका. पण ज्यांना जीव आहे त्यांचे तेवढ्यावर भागत नाही. कुणी ऐकत नाही म्हणून रागवाल, तेव्हा तो आजवर कशाचे ऐकत आला आहे ते आधी बघा. आणि तुमच्या घरात कुणी न सांगता रोज तुमच्यासाठी उठत असेल, तर त्याला स्वतःला काय आवडते ते आजच विचारा. काकांनी विचारायला एकतीस वर्षे लावली. काकू पायडल न थांबवता म्हणाल्या, "हे. मशीन चालवणं."