संप मिटेपर्यंतची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी. अक्षरं गिरवायची नव्हे, गॅलरीत लटकायची. आधी चहाच्या खोक्याचं झाकण होते. घाटकोपरच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, सुगंधाने मला घासलं, पांढरा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहिलं, 'येथे ब्लाउज, परकर शिवून मिळतील.' तेव्हापासून स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही. वारा सुटला की मी कठड्यावर खडखडते, नाही सुटला तरी आतून खडखडतेच.

ब्याऐंशी साल होतं. सुगंधाचा नवरा धाकू परळच्या गिरणीत कामाला. गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो घरी बसला. पण पोरांची पोटं काय संपावर जातात? सुगंधाने माहेरचं मशीन पुढे ओढलं. घरात मशीन आहे हे रस्त्यावरच्या बायकांना कळणार कसं? म्हणून मी.

मी लागले आणि सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव दारात हजर. गणपतीत, दिवाळीत, लग्नकार्यात फलक लावा, कार्य उरकलं की काढा, असा नियम होता. राहत्या घराला धंद्याची पाटी चालत नव्हती.

"वहिनी, नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले.

"संप मिटेपर्यंत राहू द्या, भाऊ. हे कामावर गेले की मीच उतरवेन."

सभेत तसंच ठरलं. पाटी तात्पुरती, संप मिटेपर्यंत. भिंतीत खिळा नाही, सुतळीने बांधायची.

झालं, माझ्या जिवाला घोर लागला. धाकू रोज नाक्यावरून बातमी आणायचा. "आज-उद्या मिटतलो बघ गो," म्हणायचा आणि माझी सुतळी सोडायला घ्यायचा. बायकोच्या पाटीखालून येताना त्याची मान खाली असायची, वरून मला दिसायचं ना. सुगंधा म्हणायची, "भोंगा वाजू दे आधी, मग काढा," आणि पुन्हा गाठ मारायची. सोडली, बांधली, सोडली, बांधली. मी देवाकडे मागावं तरी काय? संप मिटला तर मी चुलीत, नाही मिटला तर धाकू झुरणार. मला नुसता राग यायचा, पण कोणाचा ते ठरत नव्हतं.

इकडे मशीन धावत होतं. बायका खालून मला वाचायच्या आणि वर यायच्या. सुगंधाच्या हातचा गळा झकास बसतो, असं नाव झालं. कौतुक सगळं तिच्या हाताला, ऊन-पाऊस मला. चालायचंच.

वर्षं गेली. संप मिटला असं कोणी सांगितलंच नाही. काहींना आत घेतलं, धाकूला बोलावणं आलं नाही. पुढे त्याच्या गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं, तरी तो नाक्यावर जातच होता.

मग तळमजल्यावर नव्याने आलेल्या विमलाबाईंनी सभेत विचारलं, "तात्पुरती म्हणजे किती वर्षं?" प्रश्न रास्त होता. कुंडलिकराव वर आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. मशीन थांबलं.

"धाकूभाऊ, मला सभेला एवढंच सांगायचंय. संप मिटला का? मिटला असेल तर पाटी उतरवू."

माझी खडखड बंद झाली. मिटला म्हणाला तर घरची चूल विझणार. नाही म्हणाला तर घर बायकोच्या पाटीवर चालणार, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखं होणार.

धाकूने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "नाय. आमचो संप मिटूक नाय. आता मिटाचो पण नाय. पाटी ऱ्हवांदे."

"मग नियमात बसतंय," म्हणत कुंडलिकराव जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी धाकू नाक्यावर गेला नाही. सुगंधाच्या शेजारी बसून ब्लाउजांना हूक लावायला लागला. पहिला हूक उलटा लागला. तिने तो उसवला आणि ब्लाउज परत त्याच्याच हातात दिला.

मित्रांनो, कुणाच्या गॅलरीत अशी रंग उडालेली पाटी दिसली तर काढा म्हणण्याआधी वर चढून या, आत कोण बसलंय ते बघा. आणि जाताना तिच्यावरची धूळ तेवढी पुसा. खालून वाचता आली पाहिजे.