विल्फच्या कबुतरांचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावर एकेकाळी राणीचं चित्र होतं, आता नुसता गंज आहे. मी एक जुना बिस्किटांचा डबा. बिस्किटं कुणी खाल्ली ते मला आठवत नाही. मला आठवतात मक्याचे दाणे आणि विल्फचा हात.

विल्फ इंग्लंडात, डरहॅमकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. दिवसभर जमिनीच्या पोटात काम, म्हणून शनिवारी त्याला आकाश लागायचं. कुणाचं कबुतर आधी घरी परततं, अशा शर्यतीसाठी त्याची कबुतरं समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये नेऊन सोडत. तो परसात उभा राहून मला खुळखुळवी, आणि त्या निळाईतून एक ठिपका अलगद खाली येई. "माझ्यापेक्षा ह्याची हाक त्यांना लवकर कळते," असं तो शेजाऱ्यांना सांगे. मी फुलून जायचो.

पुढे खाण बंद पडली, कबुतरं गेली, आणि हळूहळू विल्फचे शब्दही विरत गेले. बायकामुलं नव्हतीच. वृद्धाश्रमात आला तेव्हा त्याच्या काखेत मी होतो. दुपार कलली की तो दाराशी जाई, कडीशी झटे आणि मला खुळखुळवी.

"विल्फ, राजा, डोकं उठवलंस बघ," असं म्हणत डॉट नावाच्या नर्सने एक दिवस मला कपाटावर ठेवून दिलं. धुळीत पेंगताना मला खालची बोलणी ऐकू येत. हा पळून जायला बघतो, ह्याला शहरातल्या मोठ्या आश्रमाच्या कुलूपबंद मजल्यावर हलवा. मला फार भीती वाटली.

ज्याला स्वतःचं ठरवता येत नाही आणि ज्याचं कुणी नाही, त्याची बाजू मांडायला आमच्याकडे कायद्याने एक त्रयस्थ माणूस देतात. तशी लोरेन आली. ती ना आश्रमाची, ना सरकारी खात्याची. ती नुसती विल्फजवळ बसून राहिली. त्याची रिकामी मूठ हवेत हलत होती.

"ह्यांच्या हातात आधी काय असायचं?" तिने विचारलं.

"तो खुळखुळा होय? वर टाकलाय," डॉट हसली.

मला खाली काढलं. लोरेनने दार उघडलं. विल्फ उंबऱ्यावरच थांबला. मान वर करून मला खुळखुळवत म्हणाला, "या रे, या."

मग विल्फला हलवायचं का, हे ठरवायला बैठक बसली. लोरेन म्हणाली, "पळणारा माणूस रस्त्याकडे बघतो. हे आकाशाकडे बघतात. ह्यांच्या जुन्या आळीत विचारून आले, जन्मभर कबुतरं पाळलीत ह्यांनी. ठरवायचं तुम्ही. मी एवढंच विचारते, त्या मजल्यावर ह्यांना दार उघडून मिळेल का?"

शेवटी डॉटच म्हणाली, "राहू द्या इथंच. मी थांबेन त्यांच्याजवळ." आणि विल्फ राहिला.

मित्रांनो, कुणाच्या हातातलं काही काढून घेण्याआधी, तो कुणाला हाक मारतोय एवढं विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर जरा जवळ बसा.

आता रोज दुपारी दार उघडतं. कबुतरं येत नाहीत. काल डॉटने भीत भीत विचारलं, "वाईट वाटतं का रे, विल्फ?"

"वारा समोरून आहे, पोरी," तो म्हणाला. "उशीर होणारच."

"मग थांबू या की," डॉट म्हणाली, आणि त्याच्यासाठी खुर्ची आणायला आत गेली.