बोलता येईल इतकंच

"काय झालं? कोण गेलं?" किराणावाल्याने गल्ल्यावरूनच ओरडून विचारलं.

"कुणी नाही! पळतेय मी!" शिलाईकाकू धापा टाकत म्हणाल्या.

"कुणापासून?"

काकू तोवर पुढे गेल्या होत्या. पन्नाशीची बाई पळते, म्हणजे घरात आग लागलेली असते नाहीतर मागे कुत्रं असतं. शेजारधर्म म्हणून किराणावाला पाण्याची बादली घेऊन मागे धावला. त्याला बघून इस्त्रीवाला धावला, आणि इस्त्रीवाल्याला बघून कुत्रं. म्हणजे शेवटी कुत्रंही आलंच.

काकूंचे पाय तसे जन्मभर पळालेले, पण शिलाई मशीनवर. बूट नवऱ्याचे. "उद्यापासून पळणार," म्हणत त्याने ते खोक्यात जपून ठेवले होते. काकूंनी मोज्यांवर मोजे चढवून ते पायात बसवले.

वळणावरच्या खांबाशी काकूंचा दम संपला. त्या मटकन खाली बसल्या. गेल्या वर्षी नवऱ्याच्या छातीत कळ आली, फोन कुणी उचलेना, तेव्हा "आलेच हं" म्हणून त्या दवाखान्याकडे धावल्या होत्या. तेव्हाही इथेच बसल्या होत्या.

दवाखान्यात ड्यूटीवर निघालेली नर्स थांबली. "पेशंट कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यात जास्त धाप किराणावाल्याला लागली होती, म्हणून नर्सने त्याचीच नाडी बघितली. मग वरात पांगली.

"काकू, एवढं सुसाट कशाला? पळता पळता बोलता येईल, इतकंच पळायचं. दम लागला की चालायचं."

"आणि बोलू कुणाशी?"

नर्स काकूंच्या शेजारी टेकली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बसला नसता, तरी..."

"माहितीये. डॉक्टर म्हणाले ना." काकूंनी बुटाची लेस आवळली. "तरी एकदा न थांबता जायचंय गं."

दुसऱ्या दिवसापासून काकू सावकाश पळायला लागल्या. आणि बोलायलाही, थेट गेलेल्या नवऱ्याशी.

"पाय आहेत की होड्या? दुकानात घालून बघा म्हटलं होतं. ऐकाल तर शपथ!"

किराणावाल्याने कपाळाला हात लावला. पण बादली जागेवरच राहू दिली.

एका सकाळी भांडण बुटांवरून घोरण्यावर गेलं, आणि चांगलंच रंगलं. खांब कधी मागे पडला, काकूंना कळलंच नाही. समोर दवाखान्याची पायरी होती.

"आले हो," काकू म्हणाल्या.

नर्स कुलूप काढत होती. या वेळी तिने पेशंट कोण, ते विचारलं नाही. नुसतं दार उघडून धरलं.